घोड्याची लीद पुन्हा पुन्हा पातळ होते तेव्हा: नव्या घोडेमालकांसाठी

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा घेतला, ट्रकने रात्रभर प्रवास करून घरी आणला. पहिले काही दिवस ठीक गेले, मग लीद पातळ झाली. कोणी जंताचं औषध सांगितलं, कोणी ताक पाजायला सांगितलं, कोणी दुकानातली पाचक पावडर आणून दिली. थोडं बरं वाटलं की पुन्हा तेच. रक्त तपासलं, त्यात फारसं काही निघालं नाही. घोडा खातो, पितो, चालतो. पण खाल्लेलं अंगाला लागत नाही आणि शेपटी कायम बरबटलेली.

नव्याने घोडा पाळणाऱ्या पुष्कळ जणांच्या वाट्याला हे येतं, आणि त्यात मुकं जनावर फार भोगतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. घोड्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव बिघडले असं कळलं की माणूस नवे सूक्ष्मजीव विकत आणायला धावतो. त्याआधी आत असलेल्यांना काय खायला मिळतं, किती वेळाने मिळतं आणि ते किती वेळा बदलतं, हे बघायला हवं. ‘कारण सापडत नाही’ हा शेरा त्यानंतरचा.

आधी एवढं बघा: आज रात्रीच डॉक्टर लागतील का?

महिनाभर रेंगाळणारी पातळ लीद वेगळी आणि अचानक सुरू झालेले पाण्यासारखे जुलाब वेगळे. दुसऱ्या प्रकारात घोडा एक-दोन दिवसांत हातचा जाऊ शकतो. म्हणून थर्मामीटर आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ तबेल्यात ठेवा आणि घोडा धडधाकट असतानाच मोजायची सवय करा. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि तापमान 37.2 ते 38.3 अंश सेल्सिअस असतं. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटांनी लागते. हिरड्या ओलसर, फिकट गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा.

ताप, 60च्या वर गेलेली नाडी, लालभडक किंवा जांभळट हिरड्या, पुढच्या पायाने जमीन उकरणं, वळून वळून कुशीकडे बघणं, लोळणं, लीद पूर्ण थांबणं, खूर गरम होऊन पाऊल टाकायला नाखूश असणं: यातलं काहीही दिसलं तर लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. खेड्यात 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. घोड्याला उलटी करता येत नाही. जठर फुगलं तर ते फुटू शकतं. डॉक्टर नाकातून नळी घालून जठरावरचा ताण उतरवतात आणि त्यानेच कित्येकदा जीव वाचतो.

डॉक्टर येईपर्यंत बांबूच्या नळीतून किंवा बाटलीतून तेल, काढा, ताक काहीही पाजू नका. मान वर करून ओतलेलं तेल श्वासनलिकेत गेलं की फुफ्फुसाचा जो दाह होतो, तो मूळ पोटदुखीपेक्षा वाईट ठरतो. आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे आणि प्रेमापोटीच वापरली जाते. तरीही नको.

पोटाची रचना थोडी समजून घ्या

गाय आणि घोडा दोघंही गवत खातात, पण दोघांची आंबवण्याची जागा वेगळी. गाईचं गवत आधी कोठीपोटात सूक्ष्मजीवांच्या हवाली होतं आणि मग पुढे जातं. घोड्यात उलटा क्रम आहे. जठर लहान, मोठ्या घोड्यातही 8 ते 15 लिटरचं. त्यानंतर सुमारे 20 मीटर लांबीचं लहान आतडं, तिथे पिठूळ पदार्थ, प्रथिनं आणि तेल पचतं. उरलेला सगळा तंतुमय भाग मागे अंधांत्रात (लहान आतड्यानंतरच्या मोठ्या पिशवीत) आणि मोठ्या आतड्यात जातो. एकट्या अंधांत्रात 25 ते 35 लिटर माल मावतो आणि मोठं आतडं त्याच्याहून कितीतरी मोठं असतं. बाहेरून घोड्याचं पोट दिसतं ते मुख्यतः हेच.

इथे जीवाणू, आदिजीव, बुरशी आणि मिथेन बनवणारे आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) अब्जावधींच्या संख्येने राहतात. गवतातलं सेल्युलोज घोडा स्वतः पचवू शकत नाही, कारण ते फोडणारं विकर (एन्झाइम) त्याच्या शरीरात बनतच नाही. हे काम रुमिनोकॉकस, फायब्रोबॅक्टर यांसारखे जीवाणू आणि ऑक्सिजनशिवाय जगणारी बुरशी करतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्यूटिरेट ही आम्लं तयार होतात, आतड्याची भिंत ती शोषून घेते. वैरणीवर राहणाऱ्या घोड्याला निम्म्याहून अधिक ऊर्जा याच आम्लांतून मिळते. म्हणजे आपण घोड्याला वैरण घालतो तेव्हा जेवण आधी या सूक्ष्मजीवांचं होतं.

आता चंदीचं, म्हणजे दाण्याच्या खुराकाचं, काय होतं ते बघा. मका, बाजरी, जव एका वेळी जास्त घातलं की लहान आतड्याला ते पुरं पचवता येत नाही. न पचलेला स्टार्च मागे सांडतो. तिथे तंतू खाणारे जीवाणू मागे पडतात आणि स्टार्चवर झपाट्याने वाढणारे स्ट्रेप्टोकॉकस, लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू वरचढ होतात. ते लॅक्टिक आम्ल सोडतात, आतड्यातली आम्लता वाढते, त्यात तंतू खाणारे आणखी मरतात. भिंत सुजते, लीद पातळ होते. प्रमाण मोठं असेल तर विषारी द्रव्यं रक्तात उतरून खुरांचा दाह होतो आणि घोडा कायमचा लंगडू शकतो. एका रात्री धान्याच्या पोत्यात तोंड घातलेल्या घोड्याला जे होतं, तेच रोज थोडंथोडं होत राहिलं की त्याला ‘नाजूक पोट’ असं नाव मिळतं.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पूर्ण वाढ झालेल्या घोड्याला जुलाब होतात ते बहुतेक करून मोठ्या आतड्याच्या बिघाडामुळे. लहान आतडं बिघडलं तर लीद चांगली राहूनही घोडा वाळत जातो, कारण पुढचं मोठं आतडं पाणी शोषून घेतं. म्हणून ‘लीद घट्ट आहे, म्हणजे पोट ठीक आहे’ असं समजू नका.

वही घाला

औषधाच्या दुकानात जाण्याआधी शंभर पानी वही आणा. रोज लिहायचं ते एवढंच: किती वाजता काय घातलं, वजन करून, पाणी किती प्यायला, लीद कशी, काम किती, काही नवीन घडलं का. नवीन म्हणजे वैरणीचा नवा गंज फोडला, नाल मारली, लांबच्या लग्नाला वरातीत नेला, शेजारचा घोडा विकला गेला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. चारा बदलणं, प्रवास, उपाशी राहणं आणि प्रतिजैविकं, या चारही गोष्टींनी आतड्यातली वस्ती हलते हे अभ्यासांतून दिसलं आहे. यात्रेतून आणलेल्या घोड्याच्या बाबतीत यातल्या तीन-चार गोष्टी एकाच आठवड्यात घडतात. राजस्थानात बाजरी आणि सेवण गवतावर वाढलेला घोडा खानदेशात किंवा पुण्याला येतो, आणि पहिल्याच संध्याकाळी त्याच्यापुढे ज्वारीचा कडबा आणि भिजवलेले हरभरे येतात. विकणाऱ्याला ‘हा काय खात होता, दिवसातून किती वेळा’ एवढं विचारून आठवडाभर पुरेल इतकी तिथलीच वैरण सोबत आणली, तर बराच त्रास टळतो.

वजन टेपने काढता येतं. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून कुल्ल्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर वजन सुमारे 323 किलो येतं. दर पंधरा दिवसांनी, एकाच वेळी, एकाच माणसाने मोजावं. केसाळ घोडा डोळ्यांना फसवतो, म्हणून फासळ्यांवरून हातही फिरवा.

लीद हातात घेऊन बघा

हातमोजा घालून ताजी लीद उचला. निरोगी लिदीचे गोळे ओलसर, चकाकते, जमिनीवर पडल्यावर किंचित फुटणारे असतात. दिवसातून आठ-बारा वेळा लीद पडते. गोळा दोन बोटांत फोडा. आत गवताचे तुकडे बारीक हवेत. बोटाच्या पेराएवढ्या लांब काड्या दिसल्या तर घोडा नीट चावत नाही, म्हणजे दातांकडे बघायला हवं. अख्खे जव किंवा मक्याचे दाणे दिसले तर तेही तेच सांगतात. आंबट, झोंबणारा वास असेल तर चंदी जास्त होते आहे का ते तपासा. वरती चिकट पांढुरका पापुद्रा दिसला तर लीद आतड्यात जास्त वेळ थांबली असं समजा, पाणी कमी पडत असेल.

पातळ लिदीचेही प्रकार वेगळे करा. एक, गाईच्या शेणासारखी सैल. दोन, पाण्यासारखी. तीन, जी नवख्याला नेहमी गोंधळात टाकते: गोळे चांगले पडतात, पण त्यांच्या आधी, नंतर किंवा मधेच तपकिरी पाणी वेगळं उडतं आणि मांड्यांच्या आतल्या बाजूने ओघळतं. युरोपात या तिसऱ्या प्रकाराचा बराच अभ्यास झाला आहे. असे घोडे पुष्कळदा अंगाने चांगले असतात. सूक्ष्मजीवांची तुलना करून एखादा ठरावीक दोषी जीवाणू सापडलेला नाही. वैरण बदलून पाहिल्यावर काहींना फरक पडतो, आणि कळपात दबून राहणाऱ्या घोड्यांत हा त्रास जास्त दिसतो असंही काही अभ्यासांत आढळलं. अशा घोड्याची मांडी कोमट पाण्याने धुवून, कोरडी करून व्हॅसलीन लावा, नाहीतर कातडी सोलवटते आणि पावसाळ्यात त्यात माश्या अंडी घालतात.

आता मातीची तपासणी. जमिनीला न टेकलेल्या वरच्या गोळ्यांतली मूठभर लीद स्वच्छ प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घ्या, त्यात लिटरभर पाणी घाला, कुस्करून पिशवी टांगून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी पिशवीच्या कोपऱ्यात बोटं फिरवा. रेती बसली असेल तर कचकच लागते. चमचाभर किंवा जास्त साठली तर घोडा चाऱ्याबरोबर माती खातो आहे. रेती आतड्याच्या तळाशी बसून भिंत घासत राहते, त्यातून जुनाट जुलाब आणि पोटदुखी दोन्ही होतात. पिशवीत काही सापडलं नाही म्हणून आतडं रिकामं आहे असं मात्र ठरत नाही. शंका राहिली तर एक्स-रे लागतो. उपाय साधा आहे: वैरण उघड्या जमिनीवर टाकू नका, रबरी चटई किंवा गव्हाण वापरा. साठलेली रेती काढायला इसबगोल वापरतात, तोच, जो गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून देशभर जातो. डॉक्टर बऱ्याचदा तो मॅग्नेशियम सल्फेटबरोबर नळीतून देतात. इसबगोल रोज कायमचा घालत राहिलं तर आतड्यातले सूक्ष्मजीव तोच खायला शिकतात आणि रेती उचलायला तो उरत नाही, म्हणून तो ठरावीक दिवस देऊन थांबवतात.

चारा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

घोड्याला रोज शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का, शक्यतो दोन टक्के कोरडी वैरण हवी. 350 किलोच्या घोड्याला म्हणजे साधारण 6 ते 8 किलो वाळलं गवत. आपल्याकडच्या तबेल्यांत सर्रास दिसतं ते असं: सकाळी तोबरा भरून चंदी, दुपारी एक पेंढी, रात्री पुन्हा चंदी आणि मग पहाटेपर्यंत रिकामी गव्हाण. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरतं, चावताना येणारी लाळ ते सौम्य करते. गव्हाण रिकामी म्हणजे लाळ बंद, आम्ल चालू. जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या अस्तराला व्रण पडतात. शर्यतीच्या घोड्यांत हे व्रण फारच मोठ्या प्रमाणात आढळतात, पण लग्नाच्या घोड्याला किंवा माथेरानला पर्यटक वाहणाऱ्या तट्टालाही ते होऊ शकतात. रात्रीची वैरण बारीक छिद्रांच्या जाळीत भरून टांगा, ती पहाटेपर्यंत पुरते. सहा तासांहून जास्त वेळ तोंड रिकामं राहू नये, एवढा नियम पाळला तरी मोठं काम होतं.

चंदीचा हिशेब स्टार्चवरून करा. एका वेळी शरीराच्या किलोमागे एक ग्रॅमहून जास्त स्टार्च नको. 350 किलोच्या घोड्याला एका जेवणात 350 ग्रॅम. मक्यात सुमारे दोन तृतीयांश स्टार्च असतो, म्हणजे अर्धा किलो मक्यातच मर्यादा संपली. शिवाय कच्च्या मक्याचा स्टार्च लहान आतड्यात नीट पचत नाही. ओट्समध्ये तो कमी असतो आणि सहज पचतो. ज्याचं पोट आधीच बिघडलं आहे, त्याची चंदी मी तर आधी निम्म्यावर आणायला सांगेन, आणि हलकं काम असेल तर पूर्ण बंद. घोडा चांगल्या गवतावर, मिठाच्या ढेपेवर आणि खनिज मिश्रणावर उत्तम राहतो. ‘चंदीशिवाय घोडा कसला’ असं म्हणणारे जुने लोक भेटतील. त्यांचे घोडे दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर धावत असत.

वैरणीच्या काही खास गोष्टी महाराष्ट्रात सांभाळाव्या लागतात. कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला घालू नका: त्यातल्या सायनाइड तयार करणाऱ्या घटकांमुळे विषबाधा होते, आणि सतत चरल्यास घोड्याचं मूत्राशय व मागचे पाय निकामी होण्याचा आजार होतो. हत्तीगवतासारख्या काही संकरित गवतांत ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. हत्तीगवत आणि कोंडा ही जोडी वर्षभर चालली तर हाडं पोखरतात आणि चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो. लसूणघास कॅल्शियम देतो आणि जठरातलं आम्लही सौम्य करतो, मात्र त्यात प्रथिनं जास्त, म्हणून एकूण वैरणीत तो थोडाच हवा. जूनमध्ये माळ हिरवा झाला की घोड्याला एकदम दिवसभर मोकळं सोडू नका. पहिल्या दिवशी अर्धा तास आणि मग रोज थोडं थोडं वाढवा. ओल्या गंजीतला काळा पडलेला, कुबट कडबा सरळ टाकून द्या, धुवून वाळवून घालू नका.

गाईम्हशींचं तयार पशुखाद्य घोड्याला कधीच घालू नका. काही पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं. ते घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतं आणि त्यावर उतारा नाही. एकाच टोपल्यातून गाईला आणि घोड्याला खाद्य घालत असाल तर आजच टोपली वेगळी करा.

कोणताही बदल 10 ते 14 दिवसांत करा: तीन-चार दिवस पाव भाग नवा, मग अर्धा, मग पाऊण. हा नियम लोक चंदीला लावतात आणि वैरणीला विसरतात. पण वैरणीचा नवा गंज हाही आतल्या जीवांसाठी नवाच चारा असतो, आणि वैरण बदलल्यानंतरच्या दिवसांत पोटदुखीचा धोका वाढतो हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. जुना गंज संपायच्या आधी नवा आणून मिसळायला सुरुवात करा. पाणी 20 ते 30 लिटर, उन्हाळ्यात आणखी, स्वच्छ बादलीत, कायम समोर.

हे सगळं बसवल्यावर किमान चार ते सहा आठवडे काहीही नवीन करू नका. इथे धीर सुटतो, हे मला ठाऊक आहे. पण दर आठवड्याला नवी पावडर घातली तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, हे वहीही सांगू शकणार नाही.

दात, जंत, औषधं

दात वर्षातून एकदा तोंड उघडं ठेवणारं साधन लावून तपासून घ्या. गालाकडची टोकदार धार घासली की चावणं सुधारतं आणि लीदही.

जंतांची गोष्ट जरा खोल आहे. दर तीन महिन्यांनी डोळे मिटून औषध पाजायची पद्धत आता चुकीची ठरली आहे, कारण फेनबेंडाझोलसारख्या औषधांना लहान स्ट्रॉन्गाइल जंत जगभर दाद देईनासे झाले आहेत. लीद तपासून एका ग्रॅममध्ये किती अंडी आहेत ते मोजा, औषध द्या, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा खाली आला नसेल तर औषध चाललं नाही. एक अडचण मात्र आहे. याच जंतांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत कोष करून महिनोन् महिने पडून राहतात, तेव्हा त्या अंडी घालत नाहीत आणि अहवाल शून्य येतो. मग त्या एकदम बाहेर पडतात, भिंत रक्तबंबाळ होते आणि घोडा झपाट्याने वाळतो. अशी शंका असेल तर मॉक्सिडेक्टिनसारखं औषध लागू शकतं, पण वाळलेल्या घोड्यात आणि शिंगरात त्याचा डोस थोडा चुकला तरी विषबाधा होते, म्हणून ते डॉक्टरांनी वजन काढूनच द्यावं.

औषधांचा इतिहास लपवू नका. लंगडणाऱ्या घोड्याला कोणी फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक महिनाभर दिलं असेल तर मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागात व्रण पडून जुलाब आणि प्रथिनांची गळती होऊ शकते. प्रतिजैविकांमुळे आतड्यातले रक्षक जीवाणू मरून क्लॉस्ट्रिडियम, साल्मोनेला या रोगकारक जीवाणूंना मोकळं रान मिळतं. लिंकोमायसिन तर घोड्याला देऊच नये. आधीच्या मालकाने काय दिलं ते विचारा, तो सांगेलच असं नाही, तरी विचारा.

डॉक्टरांकडे काय मागायचं

वही, वजनाचे आकडे आणि लिदीचे मोबाइलवरचे फोटो घेऊन जा. रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन मोजायला सांगा. ते कमी असेल तर बहुधा आतड्यातून प्रथिनं गळत आहेत आणि घरचे प्रयोग थांबवायची वेळ झाली. साल्मोनेलासाठी लिदीचा एक नमुना पुरत नाही, कारण तो जीवाणू कधी बाहेर पडतो, कधी नाही; वेगवेगळ्या दिवसांचे तीन ते पाच नमुने लागतात. तोवर घोडा वेगळा ठेवा आणि हात साबणाने धुवा, साल्मोनेला माणसालाही होतो, लहान मुलांना विशेष. पुढची पायरी सोनोग्राफीची, आतड्याच्या भिंतीची जाडी बघायला. मग जठराची दुर्बिणीने तपासणी. त्यासाठी तीन मीटरची दुर्बीण लागते आणि ती सगळीकडे नसते. लहान आतड्याची शंका असेल तर ग्लुकोज शोषणाची चाचणी: उपाशी घोड्याला नळीतून ग्लुकोज देऊन ठरावीक वेळाने रक्तातली साखर मोजतात. साखर चढली नाही तर लहान आतडं शोषत नाही. शेवटी गुदाशयाचा किंवा लहान आतड्याचा तुकडा काढून तपासतात, त्यात दीर्घकाळचा दाह कळू शकतो आणि मग स्टिरॉइडचा विचार होतो.

या गोष्टी तालुक्याच्या दवाखान्यात होणार नाहीत. परळचं 1886 सालचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथली महाविद्यालयं यांच्याकडे चौकशी करा. शर्यतीच्या घोड्यांमुळे मुंबई-पुण्यात घोड्यांवरच काम करणारे खासगी डॉक्टरही आहेत. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र 1985 पासून घोड्यांच्या आजारांवर काम करतं. नमुना कुठे, कसा पाठवायचा हे तुमचे डॉक्टर त्यांना विचारू शकतात.

सूक्ष्मजीवांची चाचणी, पावडरी आणि लिदीचं प्रत्यारोपण

परदेशात लिदीतल्या जीवाणूंच्या डीएनएची चाचणी करून देणाऱ्या कंपन्या आहेत आणि रंगीत आलेख बघून माणूस भारावून जातो. माझं मत स्पष्ट आहे: निदानासाठी सध्या यावर पैसे घालू नका. लिदीतली वस्ती मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची असते, अंधांत्राची नव्हे. निरोगी घोड्याची ‘योग्य’ वस्ती कोणती, याचं सर्वमान्य मोजमाप नाही. ती चाऱ्यानुसार, ऋतूनुसार, घोड्यानुसार बदलते. जीवाणूंची विविधता कमी आढळली तरी तो आजाराचा परिणाम की कारण, हे त्या कागदावरून कळत नाही.

प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव घातलेल्या, पावडरींचंही असंच. यीस्टबद्दल थोडा आधार आहे: सॅकरोमायसीस सेरेव्हिसी तंतूंचं पचन काही प्रमाणात सुधारतं, आणि सॅकरोमायसीस बोलार्डी तीव्र जुलाबात काही घोड्यांना उपयोगी पडलं. पण पाकिटावर लिहिलेले जीव आत तेवढे जिवंत असतातच असं नाही, आणि ‘फायदा नाही झाला तरी तोटा नाही’ हे खरं नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवजात शिंगरांना लॅक्टोबॅसिलस पेंटोससचा एक प्रकार दिला, तेव्हा त्यांना जुलाब जास्त झाले. ताक आणि दूध घालायचा मोह आवरा. मोठ्या घोड्यात दुधातली साखर पचवणारं विकर फारसं उरत नाही, आणि आम्ल सोडणारे जीवाणू त्याच्या आतड्यात आधीच पुरेसे असतात.

शिंगरू पहिल्या काही आठवड्यांत आईची लीद खाताना दिसतं, त्याला मारू नका. आतड्यात वस्ती बसवण्याची ती निसर्गाची वाट मानली जाते. याच कल्पनेवर निरोगी घोड्याची लीद पाण्यात कालवून, गाळून नाकातल्या नळीतून आजारी घोड्याच्या जठरात सोडतात. काही घोड्यांना गुण आल्याचं दिसलं आहे, पण अभ्यास छोटे आहेत आणि घोड्याच्या जठरातलं आम्ल पार करून किती जीव मागे पोचतात हा प्रश्न आहेच. देणाऱ्या घोड्याची साल्मोनेला, जंत आणि विषाणूंसाठी तपासणी झालेली हवी. घरी बादलीत कालवून पाजायचा हा प्रकार नाही.

सगळं करूनही कारण सापडलं नाही तर

काही घोड्यांत पूर्ण तपासणीनंतरही उत्तर मिळत नाही. अल्ब्युमिन ठीक आहे, वजन टिकून आहे, घोडा आनंदाने खातो आहे, एवढं असेल तर लीद थोडी सैल राहिली तरी त्याच्यासोबत नीट जगता येतं. अशा घोड्याची वैरण एकाच ठिकाणाहून वर्षभराची घ्या. चंदी शक्य तेवढी कमी. लांबच्या प्रवासात त्याची स्वतःची वैरण आणि पाण्याची बादली सोबत. ज्याच्याशी त्याचं पटतं असा सोबती शेजारी, आणि दांडगट घोड्यापासून गव्हाण वेगळी. कुठल्याही डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहिलं तर ‘याला जुन्या जुलाबाचा त्रास आहे’ हे आधी सांगा. महिन्यातून दोनदा टेप, सहा महिन्यांनी लिदीतली अंडी आणि रक्तातलं अल्ब्युमिन. वजन सलग दोन मापांत उतरलं, छातीखाली किंवा पोटाखाली मऊ सूज आली, किंवा घोड्याने आवडती वैरण सोडली, तर तपासण्यांची मालिका पहिल्यापासून पुन्हा सुरू करा. मधल्या काळात आतल्या भिंतीत काहीतरी बदललेलं असू शकतं.